कर्ज मिळालं, शेड उभं राहिलं, बोर्डही लागला... पण मालक कुठाय?

कोणत्याही तालुक्याच्या गावातून दुचाकीवर फेरफटका मारला तर एक चित्र हमखास दिसतं. रस्त्याकडेला पत्र्याचं शेड. दारावर योजनेचं नाव आणि कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव असलेला बोर्ड. आणि शटरला गंजलेलं कुलूप. आत पिठाची गिरणी असते, मिरची कांडप असतं, कुठं पत्रावळीचं मशीन असतं. मशीन चांगलं असतं, गावात गिऱ्हाईकही असतं. तरी धंदा वर्ष-दोन वर्षांत बसलेला असतो.

त्याच गावात एखादं दहा बाय दहाचं दुकान वीस वर्षं चालू असतं. त्या दुकानदाराला ना योजना मिळाली ना मोठं भांडवल. गावातली माणसं कारण एका वाक्यात सांगतात, "तो स्वतः बसतो हो दुकानात."

हे वाक्य बरोबर आहे, पण अर्धंच. स्वतः बसणं म्हणजे नेमकं काय? मालकाचं लक्ष असलं की पैसा कुठं वाचतो आणि नसलं की कुठून गळतो? आणि जीव ओतूनही काही धंदे का बुडतात? कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी प्रत्येकानं समजून घ्यावा असा हा हिशेब आहे.

पहिला प्रश्न : मालक कोण? कागदावरचा की गल्ल्यावरचा?

ग्रामीण भागात पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी, ही २००८ पासून चालू असलेली योजना सगळ्यांना माहीत आहे. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटातल्या अर्जदाराला प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के अनुदान मिळतं आणि स्वतःचे १० टक्के घालावे लागतात. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग अशा विशेष गटाला अनुदान ३५ टक्के आणि स्वतःचा वाटा फक्त ५ टक्के.

आता साधं गणित. प्रकल्प १० लाखांचा असेल तर सर्वसाधारण गटातल्या पुरुषाच्या नावावर अनुदान अडीच लाख आणि स्वतःचे एक लाख. तेच बायकोच्या नावावर केलं तर अनुदान साडेतीन लाख आणि स्वतःचे पन्नास हजार. म्हणून पुष्कळ घरांत अर्ज बाईच्या नावावर जातो आणि धंदा चालवतो नवरा, दीर किंवा मुलगा.

ती बाई खरोखर धंदा करणार असेल तर यात वाईट काहीच नाही, योजना त्यासाठीच आहे. पण तिला शेडची किल्लीही मिळत नसेल, बँकेचा मेसेज नवऱ्याच्या मोबाईलवर येत असेल, माल कुणाकडून येतो हेही तिला ठाऊक नसेल, तर तो धंदा पहिल्या दिवसापासून बिनमालकाचा असतो. जो चालवतो त्याचं नाव कागदावर नाही, त्यामुळं बुडालं तरी त्याच्या नावाला डाग नाही. जिचं नाव आहे तिच्या हातात काही नाही. हप्ता सलग ९० दिवस थकला की बँक खातं एनपीएमध्ये टाकते. नोटीस बाईच्या नावानं येते, सिबिलचा आकडाही तिचाच खाली येतो. पुढं बचत गटातून किंवा मुलाच्या शिक्षणासाठी तिला कर्ज हवं असेल तेव्हा हा जुना डाग आडवा येतो.

अनुदानाचीही एक गोष्ट पुष्कळांना कळलेली नसते. पीएमईजीपीचं अनुदान लगेच हातात येत नाही. बँक ते तीन वर्षं ठेवीच्या स्वरूपात वेगळं ठेवते. तीन वर्षांनी युनिट चालू आहे का याची जागेवर पडताळणी होते आणि मगच ती रक्कम कर्जात वळती होते. म्हणजे "अनुदान घेऊ, मग बघू" म्हणणाऱ्याचं अनुदान कागदावरच राहतं आणि कर्ज मात्र खरं असतं.

लक्ष तीन तऱ्हेचं असतं

माणूस कामाला का चिकटून राहतो, यावर कॅनडातले जॉन मेयर आणि नॅटली अ‍ॅलन या दोन अभ्यासकांनी १९९१ साली एक मांडणी केली. ती मुळात नोकरदारांसाठी होती, पण धंदेवाल्यालाही चपखल बसते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणं चिकटून राहण्याची कारणं तीन.

एक, मनापासून. काम आवडतं, त्यात जीव रमतो. गावात एखादा गॅरेजवाला असतो, गाडीचा आवाज ऐकूनच काय बिघडलंय ते सांगतो. त्याला सुट्टी घ्यायला सांगितली तरी तो गॅरेजवर येऊन बसतो.

दोन, नाइलाजानं. पैसा अडकलाय, कर्ज आहे, दुसरं काही येत नाही, म्हणून शटर उघडायचं.

तीन, कर्तव्य म्हणून. वडिलांनी सुरू केलेलं दुकान आहे, बंद केलं तर चार माणसं काय म्हणतील, घराण्याचं नाव आहे.

तिन्ही मालक सकाळी दुकान उघडतात, वरवर बघितलं तर फरक दिसत नाही. पण गिऱ्हाईक भांडायला लागलं, माल परत आला, नवीन मशीन शिकायची वेळ आली, की फरक बाहेर येतो. मनापासून बसलेला माणूस खटपट करतो. नाइलाजानं बसलेला तेवढ्यापुरतं निभावतो. कर्तव्य म्हणून बसलेला वडिलांच्या वेळेला जसं होतं तसंच चालवत राहतो, आणि गिऱ्हाईक शेजारच्या नव्या दुकानात कधी गेलं ते त्याला कळत नाही.

बहुतेक माणसांत हे तिन्ही थोडं थोडं असतं. नाइलाजानं सुरुवात करून पुढं कामाची गोडी लागलेली माणसंही गावोगाव आहेत. त्यामुळं आवड नसेल तर धंदाच करू नये असं नाही. पण दोन-तीन वर्षांनंतरही फक्त नाइलाजच उरला असेल, तर तो गल्ल्यात दिसायला लागतो.

किराणा दुकानाचा हिशेब : गळती कुठं होते?

समजा गावात एक किराणा दुकान आहे. रोजची विक्री ५ हजार. सरासरी नफा १० टक्के धरला तर रोजचे ५००, महिन्याचे १५ हजार. दुकानभाडं आणि लाइटबिल मिळून ३ हजार, कर्जाचा हप्ता ६ हजार. म्हणजे हातात ६ हजार राहायला पाहिजेत.

आता मालकाचं लक्ष नाही असं धरा.

महिन्याला २ हजारांची उधारी वसूल झाली नाही. हे २ हजार थेट नफ्यातून गेले. ते भरून काढायला १० टक्के नफ्यानं २० हजारांची विक्री करावी लागते, म्हणजे चार दिवसांचा धंदा फुकट.

मागच्या फळीवर बिस्किटं आणि मसाल्याची पाकिटं तारीख उलटून गेली, उंदरानं साखरेचं पोतं फोडलं. ५०० रुपये गेले.

आता ६ हजारांतले साडेतीन हजार उरले. त्यात रोज गल्ल्यातून न लिहिता शंभर रुपये उचलले, कधी पेट्रोलला, कधी चहापाण्याला, कधी पोराच्या खाऊला. महिन्याचे ३ हजार. याला तोटा म्हणता येणार नाही, घरातच गेले. पण लिहिले नाहीत म्हणून मालकाला वाटतं धंद्यातून काही राहतच नाही. उरले ५००.

आणि जे आलंच नाही ते वेगळं. सकाळी साडेसहा ते साडेआठ ही गावच्या दुकानाची मोक्याची वेळ. चहापत्ती, साखर, दुधाची पिशवी, पोरांची वही-पेन. दुकान नऊला उघडलं आणि रोजची ८०० रुपयांची विक्री गेली, तर महिन्याची २४ हजारांची विक्री आणि २,४०० रुपये नफा शेजारच्या दुकानात गेला.

या सगळ्यात चोरी नाही, महापूर नाही, मोठ्या मॉलची स्पर्धा नाही. सगळ्या बारीक गळत्या आहेत. आणि त्या नोकराला दिसत नाहीत, कारण बुजवल्या तर त्याला काही मिळत नाही. मालकाच्या लक्षाची किंमत ती हीच.

उधारीचं आणखी एक आहे. गावात उधारी द्यावीच लागते. उसाचं बिल, द्राक्षाचा पैसा, दुधाचा पगार जसा येतो तशी माणसं फेडतात. गिऱ्हाईक ओळखून असलेला मालक कुणाला किती द्यायची आणि कधी मागायची हे जाणतो. दुधाचा पगार ज्या दिवशी होतो त्या दिवशी तो दुकानात हजर असतो. नोकर नाही म्हणायला घाबरतो किंवा ओळखीवर देत सुटतो. म्हणून मालकाशिवायच्या दुकानात सगळ्यात आधी उधारीची वही जाड होते.

पोल्ट्री : जिथं लक्ष वजनावर मोजता येतं

मालकाच्या लक्षाचा परिणाम सगळ्यात स्पष्ट बघायचा असेल तर ब्रॉयलर कोंबडीच्या शेडात जावं. करारावरच्या पोल्ट्रीत पिल्लं, खाद्य आणि औषधं कंपनीची. शेड, वीज, पाणी आणि मेहनत शेतकऱ्याची. एका गावातल्या दोन शेडात एकाच दिवशी, एकाच कंपनीची पिल्लं पडतात, खाद्यही तेच. तरी साधारण चाळीस दिवसांनी दोघांच्या हातात वेगवेगळे पैसे येतात.

फरक पहिल्या आठवड्यात पडायला लागतो. पिल्लाला सुरुवातीला ३२ ते ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. थर्मामीटर टांगलेला असतो, पण खरा थर्मामीटर म्हणजे पिल्लंच. ती बल्बखाली एकमेकांवर चढून गोळा झाली तर थंडी वाजतीय. बल्बापासून लांब भिंतीला जाऊन चोच उघडून बसली तर गरम होतंय. सगळीकडं सारखी पसरून टिपत असतील तर बरोबर आहे. हे बघायला रात्री एक वाजता, तीन वाजता उठून जावं लागतं. रात्री लाइट गेली आणि कुणी उठलं नाही, तर थंडीनं ढीग करून खालची पिल्लं गुदमरतात. सकाळी मरतुकीच्या रकान्यात आकडा लिहावा लागतो.

नंतर लिटर. खाली पसरलेलं भाताचं तूस ओलं झालं की अमोनिया धरतो. शेडात शिरल्यावर डोळे चुरचुरले की समजायचं, तूस हलवायची वेळ कालच होऊन गेली. उन्हाळ्यात दुपारी दोन ते चार ही जीवघेणी वेळ. फॉगर, ओली तरटं, पत्र्यावर पाणी, दुपारचं खाद्य मागं घेणं, हे सगळं त्याच दोन तासांत करायचं असतं. मालक त्या वेळेला तालुक्याला गेला असेल तर संध्याकाळी येऊन उपयोग नसतो.

याचा हिशेब एफसीआरमध्ये येतो. एक किलो वजनासाठी किती किलो खाद्य लागलं, तो एफसीआर. समजा ५ हजार पक्षी आहेत आणि प्रत्येकी दोन किलोचे झाले, म्हणजे एकूण १० हजार किलो. एफसीआर १.६ असेल तर खाद्य १६ हजार किलो लागलं. १.७ असेल तर १७ हजार किलो. नुसत्या ०.१ च्या फरकानं एक हजार किलो, म्हणजे पन्नास किलोची वीस पोती जास्त गेली. खाद्य कंपनीचं असलं तरी कंपनी हे शेतकऱ्याच्या दरातून कापून घेते. ती वीस पोती कुणी चोरलेली नसतात. थोडी सांडलेली असतात, थोडी मेलेल्या पक्ष्यांच्या पोटात गेलेली असतात, बाकीची थंडी-उकाड्याशी झुंजण्यात पक्ष्यांनी जाळलेली असतात.

पलूस तालुक्यातली जुनी गोष्ट

मालकाच्या चिकाटीची गोष्ट सांगायला लांब जायला नको. सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातली किर्लोस्करवाडी आज कारखान्यासाठी ओळखली जाते. सुरुवात मात्र सायकलीच्या दुकानापासून झाली होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलीच्या धंद्याला सुरुवात केली. पुढं कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर करायला घेतला. लोखंडी नांगरानं जमिनीला विष चढतं अशी भीती तेव्हा शेतकऱ्यांत होती. पहिले नांगर विकायला दोन वर्षं लागल्याचं सांगितलं जातं. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजांनी त्यांच्या संस्थानातली जमीन दिली. ती कुंडल रोड स्टेशनजवळची, निवडुंगानं भरलेली माळरानाची जमीन होती. १९१० साली तिथं कारखाना आणि वसाहत उभी राहायला लागली.

दोन वर्षं विकला न जाणारा नांगर त्यांनी ज्यांना विकायचा होता त्या शेतकऱ्यांचं ऐकून सुधारला. धंद्याला चिकटून राहणं म्हणजे तीच चूक रोज करत राहणं नव्हे, हे इथं लक्षात घेण्यासारखं आहे.

शेजारच्या भिलवडीत १९३९ साली चितळेंचा दुधाचा धंदा सुरू झाला. दूध हा तर दिवसातून दोनदा मालकाची परीक्षा घेणारा धंदा. दिवाळी असो की घरात लग्न, म्हैस सकाळ-संध्याकाळ दूध देणारच आणि ते वेळेत पोचलं नाही तर नासणारच.

आणखी एक उदाहरण मुंबईचं, पण बचत गटाच्या प्रत्येक बाईनं माहीत करून घ्यावं असं. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तोच आजचा लिज्जत पापड. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि शेगडी घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी, आणि पावसाळ्यातही काम चालू. तिथं पापड लाटणारी प्रत्येक बाई मालकीण धरली जाते, नफा-तोटा वाटून घेतला जातो. त्यामुळं पापड जाड लाटला तर नुकसान आपलंच, हे कुणाला सांगावं लागत नाही.

गावच्या बचत गटांत नेमकं इथंच बिनसतं. गट दहा-बारा जणींचा असतो, पण मशीन अध्यक्षाच्या घरी, वही सचिवाकडं आणि बाकीच्या बायका फक्त सहीला. ज्यांना हिशेब दाखवला जात नाही त्या जीव लावून काम करणार नाहीत. मालकी वाटली तरच जबाबदारी वाटली जाते.

दिवसभर बसणं म्हणजे लक्ष देणं नव्हे

काही मालक बारा-बारा तास दुकानात असतात. पण डोळे मोबाईलमध्ये. गिऱ्हाईक दोनदा हाक मारतं, तिसऱ्यांदा निघून जातं. उलट एखादी बाई शेतातली कामं सांभाळून दिवसातून तीनच तास गिरणी चालवते. पण त्या तीन तासांची वेळ ठरलेली, दळण वजन करून घेतलेलं, जात्याच्या दगडाला वेळेवर टाकी मारलेली, गव्हाच्या आधी कुणाची मिरची दळली नाही याची खात्री. लोक तिच्या वेळेला दळण घेऊन येतात. लक्ष तासांवर मोजायचं नसतं. ठरलेल्या वेळेला ठरलेलं काम झालं का, यावर मोजायचं असतं.

आणखी एक चूक कष्टाळू माणसंच करतात. सगळं स्वतः करायचं. माल स्वतः आणायचा, हिशेब स्वतःच्या डोक्यात, मशीन दुसऱ्याला हात लावू द्यायचं नाही. असा मालक आठ दिवस दवाखान्यात पडला तर दुकान आठ दिवस बंद. उधारी कुणाकडं किती, हे घरच्यांनाही माहीत नसतं. अशा माणसाच्या मागं त्याच्या बायका-पोरांना वसुलीसाठी दारोदार फिरावं लागतं, आणि अर्धे लोक "आम्ही तर दिले होते" म्हणून हात वर करतात. धंद्यावर जीव असेल तर तो वहीत उतरवून ठेवला पाहिजे आणि घरातल्या एकाला तरी शिकवून ठेवला पाहिजे.

जीव ओतूनही धंदा बसतो तेव्हा

सगळा दोष मालकाच्या माथी मारणंही चुकीचं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या महापुरात नदीकाठच्या दुकानांत पाणी शिरलं, तेव्हा चांगल्या मालकाचा माल भिजला आणि वाईट मालकाचाही. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो अशी अफवा पसरली आणि पोल्ट्रीचे दर कोसळले. त्या वेळी रात्री तीन वाजता उठणाऱ्याचे पक्षीही मातीमोल गेले. दुष्काळात जनावरांना चारा नाही, गावात पैसा नाही, तर दुकान कितीही नीट चालवलं तरी विक्री कमीच. एकाच गल्लीत तिसरी गिरणी सुरू झाली तर दळण तेवढंच राहतं आणि वाटणीला येतं कमी.

मालकाच्या लक्षानं गळती थांबते. पण नसलेलं गिऱ्हाईक तयार होत नाही. एजंटानं दुसऱ्या जिल्ह्यातला प्रोजेक्ट रिपोर्ट नाव बदलून दिला असेल आणि गावात त्या मालाला मागणीच नसेल, तर कितीही राबलं तरी उपयोग नाही.

उलट जास्त जीव लावलेल्या माणसाला एक वेगळा धोका असतो. बॅरी स्टॉ या अमेरिकेतल्या अभ्यासकानं १९७६ साली एक प्रयोग केला. व्यवस्थापन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना कंपनीचा पैसा कुठं गुंतवायचा हे ठरवायला सांगितलं. ज्यांचा स्वतःचा आधीचा निर्णय तोट्यात गेला होता, त्यांनी पुढच्या वेळेला त्याच तोट्यातल्या ठिकाणी जास्त पैसा घातला. आपण घेतलेला निर्णय चुकला हे मान्य करणं माणसाला जड जातं.

गावात हे रोज बघायला मिळतं. धंदा बसतोय हे दिसत असतं. तरी आधी म्हैस विकून पैसा घातला जातो. मग बायकोचे दागिने सोनाराकडं जातात. मग पाहुण्यांकडून हातउसने, मग सावकार. "एवढं घातलंय, आता कसं सोडू?" असं म्हणत माणूस आणखी खोल जातो. गेलेला पैसा गेला. पुढं घालायचा पैसा परत येईल का, एवढाच प्रश्न त्या वेळी विचारायचा असतो.

यावर एकच उपाय चालतो, आणि तो सुरुवातीलाच करायचा असतो. डोकं थंड असताना घरच्यांसमोर रेघ आखायची. "एवढे महिने तोटा झाला तर थांबायचं. राहतं घर आणि पोटापुरती जमीन यात आणायची नाही." ती रेघ लिहून ठेवायची. आणि हप्ता थकणार असं दिसलं की ९० दिवस व्हायची वाट न बघता आधीच बँकेत जाऊन शाखाधिकाऱ्याला परिस्थिती सांगायची. खातं एनपीए व्हायच्या आधी हप्ते बदलून घेण्याबाबत बोलणं सोपं असतं. फोन बंद करून बसलेल्या कर्जदारासाठी बँकवालाही काही करू शकत नाही.

कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी

घरात बसून, बायको-आईवडिलांसमोर हे प्रश्न विचारून बघावेत.

१) सकाळी शटर कोण उघडणार? नाव सांगा. "बघू कुणीतरी" हे उत्तर असेल तर थांबा.

२) कर्ज ज्याच्या नावावर, बँकेचे मेसेज त्याच्याच मोबाईलवर येणार का? अर्ज बाईच्या नावावर असेल तर तिला हप्त्याची तारीख, कर्जाची रक्कम आणि व्याजदर तोंडपाठ पाहिजे. कोऱ्या चेकवर सही करून देऊ नये. पासबुक तिच्याकडंच असावं.

३) आपल्या खिशातले किती घालतोय? योजनेत ५ किंवा १० टक्के स्वतःचे लागतात. तेही उसने आणून घातले तर धंद्यात आपलं स्वतःचं काहीच नाही, सगळं देणंच आहे.

४) या धंद्यातलं घाणेरडं काम कोणतं, आणि ते कोण करणार? पोल्ट्रीत मेलेले पक्षी उचलणं, डेअरीत शेण आणि कॅन धुणं, हॉटेलात खरकटं. ते करायची तयारी नसेल तर बाकीचंही होत नाही.

५) वही कोण लिहिणार? रोजची विक्री, रोजचा खर्च, उधारी आणि घराला नेलेले पैसे, एवढे चार रकाने पुरे. घरासाठी महिन्याला ठरावीक पगार घ्यावा, गल्ल्यातून उचलू नये.

६) मालक आजारी पडला तर दुसरा कोण चालवू शकतो?

७) किती तोट्यानंतर थांबायचं?

यातल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सरळ आली नाहीत, तर अनुदान कितीही टक्के असलं तरी तो अर्ज थोडा थांबवलेला बरा.

एक महिना दुसऱ्याच्या शेडात

योजनांमध्ये कर्ज घेणाऱ्यासाठी उद्योजकता प्रशिक्षण असतं. बरेच जण सर्टिफिकेटपुरतं ते उरकतात. ते नीट करावंच. पण त्याहून स्वस्त आणि पक्कं प्रशिक्षण गावातच मिळतं. जो धंदा करायचाय तो चालवणाऱ्या ओळखीच्या माणसाकडं जाऊन एक महिना बिनपगारी राबायचं. आपल्या गावात स्पर्धा नको म्हणून तो नाही म्हणाला, तर शेजारच्या तालुक्यात कुणीतरी हो म्हणेलच. एक बॅच पोल्ट्रीच्या शेडात झोपायचं. एक लग्नसराई केटरिंगवाल्याबरोबर फिरायचं. दिवाळीच्या आधीचा महिना किराणा दुकानात माल मोजायचा.

महिन्यानंतर दोनपैकी एक गोष्ट होते. काही जण म्हणतात, "हे आपल्याच्यानं व्हायचं नाही." त्यांचे दहा लाख वाचतात. काहींना रात्री तीनला उठायची सवय लागते आणि पिल्लांच्या आवाजावरून थंडी ओळखता यायला लागते. त्यांनी बँकेत जावं. बोर्ड लावला तरी त्यांच्या शटरला कुलूप फक्त रात्रीच लागेल.